उद्योग-नोंदणीच्या नियमांतील बदल आणि कंपनीची पूर्वतयारी
(सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या नोंदणीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

उद्योगाची नोंदणी ही बाब आपल्याकडे बहुधा एकदाच करावयाचे काम समजली जाते. प्रमाणपत्र मिळाले, ते चौकटीत बसवून कार्यालयाच्या भिंतीवर टांगले, बँकेला त्याची एक प्रत दिली, की विषय संपला अशी सर्वसाधारण धारणा असते. कायद्याची वाटचाल मात्र या धारणेच्या नेमकी उलट दिशेने झालेली आहे. गेल्या दोन दशकांत भारतातील सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या नोंदणीची पद्धत तीन वेळा बदलली आणि वर्गवारीचे निकषही अनेकदा बदलले. या प्रत्येक बदलाचा परिणाम उद्योगाला मिळणाऱ्या कर्जावर, सवलतींवर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळण्याच्या हक्कावर झाला.

असे बदल का झाले, त्यांत कंपनीचे नेमके काय पणाला लागते आणि पुढील बदलासाठी कंपनीने कोणती तयारी ठेवावी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नियम बदलल्यानंतर धावपळ करणे म्हणजे पूर्वतयारी नव्हे. ज्या माहितीवर नोंदणी उभी असते ती माहिती नेहमी अचूक, अद्ययावत व परस्परांशी जुळणारी ठेवणे, हीच खरी पूर्वतयारी होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नोंदणी-व्यवस्थेची वाटचाल

२००६ पूर्वी लघुउद्योगाची नोंदणी जिल्हा उद्योग केंद्रात होत असे. प्रथम तात्पुरती आणि उत्पादन सुरू झाल्यावर कायम, अशा दोन टप्प्यांची ती पद्धत होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ हा २ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला आणि नोंदणीच्या जागी उद्योजकाने ज्ञापन दाखल करण्याची पद्धत आली. याच अधिनियमाने सेवा क्षेत्राला प्रथमच या व्यवस्थेत स्पष्ट स्थान दिले व 'मध्यम' हा नवा वर्ग निर्माण केला. त्या वेळी वर्गवारीचा निकष एकच होता, तो म्हणजे यंत्रसामग्रीतील किंवा उपकरणांतील गुंतवणूक. उत्पादन क्षेत्रात २५ लाख रुपयांपर्यंतचा उपक्रम सूक्ष्म, ५ कोटींपर्यंतचा लघु आणि १० कोटींपर्यंतचा मध्यम मानला जाई. सेवा क्षेत्रासाठी हीच मर्यादा अनुक्रमे १० लाख, २ कोटी व ५ कोटी रुपये होती.

सप्टेंबर २०१५ मध्ये ज्ञापनाची जागा 'उद्योग आधार' या स्वयंघोषणेवर आधारित ऑनलाइन पद्धतीने घेतली. पुढे १ जुलै २०२० पासून 'उद्यम नोंदणी' सुरू झाली. हा बदल मूलभूत स्वरूपाचा होता. गुंतवणुकीच्या जोडीला वार्षिक उलाढाल हा दुसरा निकष आला, उत्पादन व सेवा यांतील भेद काढून टाकण्यात आला आणि नोंदणीची सांगड आयकर व वस्तू-सेवा कराच्या शासकीय माहितीशी घालण्यात आली. पूर्वीच्या पद्धतीत उद्योजक जे सांगेल ते ग्राह्य धरले जाई. आता उद्योजकाने एका खात्याला जे सांगितले तेच दुसऱ्या खात्यालाही दिसते.

या वाटचालीची दिशा स्पष्ट आहे. परवानगीकडून स्वयंघोषणेकडे आणि स्वयंघोषणेकडून माहितीच्या आपोआप होणाऱ्या पडताळणीकडे असा हा प्रवास आहे. यात कागदपत्रांचा भार कमी झाला हे खरे. परंतु माहितीच्या अचूकतेची जबाबदारी पूर्णपणे उद्योजकावर आली.

नोंदणीशी निगडित हक्क

नोंदणीचा संबंध केवळ अनुदान व सवलतींशी आहे, हा समज अपुरा आहे. २००६ च्या अधिनियमाचे पाचवे प्रकरण विलंबित देयकांसंबंधी आहे. त्यातील कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसांची मुदत लागू होते. खरेदी आदेशावर ९० दिवसांची उधारी छापलेली असली तरी कायद्यापुढे ती टिकत नाही.

मुदत उलटल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. उदाहरणादाखल बँक दर ६ टक्के धरला, तर व्याजाचा दर १८ टक्के होतो. १० लाख रुपयांची रक्कम मुदतीनंतर एक वर्ष थकली, तर केवळ व्याजापोटी सुमारे १ लाख ९५ हजार रुपये देय होतात. वाद उद्भवल्यास पुरवठादाराला राज्यातील फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या परिषदेकडे, दाद मागता येते. परिषदेच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान देऊ इच्छिणाऱ्या खरेदीदाराला कलम १९ नुसार निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

वित्त अधिनियम, २०२३ ने या हक्काला आयकराचे बळ दिले. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४३-बी मध्ये जोडलेल्या एच या खंडाने, कलम १५ मधील मुदतीत न दिलेली सूक्ष्म व लघु उपक्रमांची रक्कम प्रत्यक्ष अदा केल्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजावटीस पात्र ठरवली. ही तरतूद २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू झाली आणि मोठ्या खरेदीदारांच्या लेखा विभागांनी पुरवठादारांकडे नोंदणी प्रमाणपत्रांची मागणी सुरू केली.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. विलंबित देयकांचे हे संरक्षण सूक्ष्म व लघु उपक्रमांनाच आहे, मध्यम उपक्रमांना नाही. त्यामुळे कंपनी 'लघु' आहे की 'मध्यम' हा प्रश्न केवळ नामाभिधानाचा राहत नाही. थकलेल्या प्रत्येक बिलाचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

नोंदणीचा दिनांक आणि न्यायालयीन भूमिका

वर्गाइतकेच महत्त्व नोंदणीच्या दिनांकाला आहे. अधिनियमाच्या कलम २ मधील 'पुरवठादार' या संज्ञेच्या व्याख्येत कलम ८ खाली ज्ञापन दाखल केल्याचा उल्लेख आहे. वाद निर्माण झाल्यानंतर नोंदणी करून जुन्या पुरवठ्यावर हक्क सांगता येईल काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. सिल्पी इंडस्ट्रीज विरुद्ध केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी निर्णय दिला की, नोंदणीचा लाभ तिच्यानंतर केलेल्या पुरवठ्यालाच मिळेल, पूर्वलक्षी प्रभावाने मिळणार नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाली फूड्सच्या प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने वेगळा दृष्टिकोन मांडला. कलम १८ खाली परिषदेकडे जाण्याचा मार्ग केवळ आधी नोंदणी केलेल्यांपुरता मर्यादित नाही, असे त्या पीठाचे मत होते. परंतु आधीचे निर्णय लक्षात घेऊन त्याने हा प्रश्न तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. न्यायतत्त्वाच्या दृष्टीने ही चर्चा मोलाची आहे. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र तिचा धडा सरळ आहे. जो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या दोन पीठांना वेगवेगळा दिसला, त्याच्या उत्तरावर आपली थकबाकी अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. करारावर सही होण्यापूर्वी नोंदणी झालेली असेल तर हा वाद आपल्या बाबतीत उद्भवतच नाही.

वर्गवारीचे निकष : काही उदाहरणे

१ जुलै २०२० पासून सूक्ष्म उपक्रमासाठी गुंतवणूक १ कोटी व उलाढाल ५ कोटी, लघु उपक्रमासाठी १० कोटी व ५० कोटी आणि मध्यम उपक्रमासाठी ५० कोटी व २५० कोटी रुपये अशा कमाल मर्यादा ठरल्या. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणुकीच्या मर्यादा अडीचपट व उलाढालीच्या मर्यादा दुप्पट करण्यात आल्या. त्यानुसार सूक्ष्म उपक्रमासाठी अडीच कोटी व १० कोटी, लघु उपक्रमासाठी २५ कोटी व १०० कोटी आणि मध्यम उपक्रमासाठी १२५ कोटी व ५०० कोटी असे निकष आले. दोहोंपैकी एक मर्यादा ओलांडली तरी उपक्रम वरच्या वर्गात जातो. खालच्या वर्गात येण्यासाठी मात्र दोन्ही मर्यादांच्या आत असावे लागते.

पुढील तीन काल्पनिक उदाहरणांवरून या नियमांचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण कोल्हापूर परिसरातील एखाद्या फौंड्रीचे घेऊ. तिची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक १२ कोटी व उलाढाल ४५ कोटी आहे. २०२० च्या निकषांनुसार उलाढाल मर्यादेत असूनही केवळ गुंतवणुकीमुळे ती मध्यम ठरत होती आणि विलंबित देयकांच्या संरक्षणाबाहेर होती. २०२५ च्या निकषांनुसार ती लघु ठरते. ही गोष्ट मालकाच्या लक्षात आली नाही आणि त्याने जुन्याच अटींवर नवे करार केले, तर कायद्याने देऊ केलेला हक्क तो स्वतःच्या अनास्थेने वापरातून घालवील.

दुसऱ्या उदाहरणातील कंपनीची गुंतवणूक ९ कोटी आणि २०२२-२३ मधील एकूण उलाढाल ६२ कोटी असून त्यापैकी १५ कोटींची निर्यात आहे. वर्गवारीसाठी उलाढाल मोजताना निर्यात वगळली जाते. म्हणजे विचारात घ्यावयाची उलाढाल ४७ कोटी होते आणि कंपनी त्या वेळच्या निकषांनुसारही लघुच राहते. निर्यातीची आकडेवारी विवरणपत्रांत नीट वेगळी दाखवलेली नसेल, तर हीच कंपनी मध्यम समजली जाण्याचा धोका असतो.

तिसरे उदाहरण एकाच पॅनवर चालणाऱ्या दोन कारखान्यांचे आहे. प्रत्येकाची गुंतवणूक १ कोटी ८० लाख व उलाढाल ६ कोटी आहे. मालक दोन्हींना सूक्ष्म समजतो. कायदा मात्र एका पॅनखालील सर्व घटकांना एकच उपक्रम मानतो. एकत्रित गुंतवणूक ३ कोटी ६० लाख व उलाढाल १२ कोटी होत असल्याने हा उपक्रम २०२५ च्या निकषांनुसारही लघु ठरतो. एका उपक्रमाला एकाहून अधिक उद्यम नोंदण्या करता येत नाहीत, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे.

यंत्रसामग्रीची किंमत म्हणजे खरेदीची मूळ किंमत नव्हे. आयकराच्या हिशेबाप्रमाणे घसारा वजा जाता वर्षअखेरीस उरलेले मूल्य येथे धरले जाते. जमीन, इमारत आणि फर्निचर यांचा समावेश त्यात होत नाही. २००६ च्या पद्धतीत मूळ किंमत धरली जात असल्याने जुन्या सवयीने हिशेब करणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते.

घोषणा, अधिसूचना आणि अंमल

नियमबदलाची बातमी आणि नियमबदल या दोन भिन्न गोष्टी आहेत. १३ मे २०२० रोजी केंद्र शासनाने नव्या निकषांची घोषणा केली, तेव्हा मध्यम उपक्रमासाठी २० कोटींची गुंतवणूक व १०० कोटींची उलाढाल या मर्यादा सांगितल्या होत्या. १ जून २०२० रोजी त्या ५० कोटी व २५० कोटी झाल्या. नोंदणीची कार्यपद्धती सांगणारी अधिसूचना २६ जून २०२० ची होती आणि अंमल १ जुलैपासून होता. याउलट २०२५ मध्ये १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पीय भाषणात सुधारित मर्यादा जाहीर झाल्या, २१ मार्च रोजी अधिसूचना निघाली आणि १ एप्रिलपासून त्या अमलात आल्या.

या दोन्ही प्रसंगांवरून असे दिसते की, घोषणा ऐकून अंतर्गत तयारी सुरू करावी. परंतु करार, दरपत्रके व नोंदणी यांत बदल करताना राजपत्रातील मजकूरच प्रमाण मानावा. प्रत्यक्ष अधिसूचना आणि अंमल यांत काही वेळा केवळ चार-पाच दिवसांचेच अंतर असते. एवढ्या अवधीत जुने हिशेब शोधणे शक्य नसते. तयार असलेले हिशेब नव्या चौकटीत मांडणे तेवढे शक्य असते.

मुदतवाढीवर विसंबणेही अशाच प्रकारे घातक ठरते. जुन्या ज्ञापनांची व उद्योग आधारची वैधता प्रथम ३१ मार्च २०२१ पर्यंत होती. ती क्रमाक्रमाने ३१ डिसेंबर २०२१, ३१ मार्च २०२२ व अखेरीस ३० जून २०२२ पर्यंत वाढवण्यात आली. वारंवार मिळालेल्या मुदतवाढीमुळे मुदतीला अर्थ नाही असा ज्यांचा समज झाला, त्यांची जुनी नोंदणी ३० जूननंतर निरुपयोगी झाली. त्यानंतर केलेली उद्यम नोंदणी ही नव्या दिनांकाची नोंदणी होती, आणि दिनांकाचे महत्त्व वर सांगितलेच आहे.

पूर्वतयारीचे टप्पे

वरील विवेचनाच्या आधारे कंपनीने करावयाच्या तयारीची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल.

(१) माहितीची एकवाक्यता : पॅन, जीएसटी, बँक खाते व उद्यम नोंदणी या सर्व ठिकाणी कंपनीचे नाव, पत्ता व घटक-कारखान्यांचा तपशील एकसारखा असावा. पडताळणी आपोआप होत असल्याने लहानशी तफावतही अडचणीची ठरू शकते.

(२) व्यवसाय-संकेतांकाची निवड : नोंदणीत राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ चे संकेतांक द्यावे लागतात. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, परंतु तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच मर्यादित ठेवण्यात आला. उत्पादन करणाऱ्या कंपनीने अनवधानाने केवळ व्यापाराचा संकेतांक निवडला, तर विलंबित देयकांचा हक्क वादग्रस्त होतो.

(३) संपर्काचा ताबा : नोंदणी निःशुल्क असून ती शासकीय संकेतस्थळावर स्वतः करता येते. तरीही ती त्रयस्थ एजंटाकडून करून घेताना त्याचाच भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल नोंदवला गेला, तर पुढील प्रत्येक दुरुस्तीची किल्ली त्याच्या हाती राहते. हा तपशील कंपनीचा स्वतःचाच असावा.

(४) वार्षिक आढावा : मागील वर्षाच्या आयकर व जीएसटीच्या माहितीनुसार नोंदणी अद्ययावत करण्याचे बंधन उपक्रमावर आहे, तसे न केल्यास दर्जा स्थगित होऊ शकतो. दरवर्षी विवरणपत्रे दाखल होताच सनदी लेखापालाकडून गुंतवणूक, निर्यात वगळता उलाढाल आणि त्यावरून ठरणारा वर्ग अशी एक पानी नोंद तयार करून घ्यावी. वरच्या वर्गात गेलेल्या उपक्रमाला करेतर लाभ तीन वर्षे चालू ठेवण्याची तरतूद ऑक्टोबर २०२२ मध्ये करण्यात आली. वर्ग नेमका कधी बदलला याची नोंद त्यासाठीही आवश्यक आहे.

(५) कागदपत्रांत उल्लेख : प्रत्येक बिलावर, दरपत्रकावर व करारात उद्यम क्रमांक आणि वर्ग नमूद करावा. माल स्वीकारल्याच्या दिनांकाची पोच जपून ठेवावी, कारण मुदतीची मोजणी तेथूनच सुरू होते.

(६) जबाबदारीची निश्चिती : राजपत्रातील अधिसूचनांवर लक्ष ठेवणारी एक व्यक्ती नेमलेली असावी. लहान कंपनीत हे काम लेखापालाकडे असेल, परंतु ते कोणाचे तरी नावनिशीवार काम असले पाहिजे.

खरेदीदार कंपनीची बाजू

नियमबदलाची तयारी केवळ पुरवठादारानेच करावयाची असते असे नाही. सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून माल घेणाऱ्या आणि ज्यांची देणी ४५ दिवसांपेक्षा अधिक काळ थकली आहेत अशा कंपन्यांना, २२ जानेवारी २०१९ च्या आदेशानुसार, दर सहा महिन्यांनी कंपनी निबंधकाकडे त्याचे विवरण द्यावे लागते. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत 'ट्रेड्स' या बिल-वटवणी मंचावर येण्याचे बंधन नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने घातले. निकष बदलले की पुरवठादारांचे वर्गही बदलतात. म्हणून १ एप्रिल २०२५ सारख्या दिनांकानंतर पुरवठादारांची संपूर्ण यादी नव्याने तपासणे आणि प्रमाणपत्रांवरील क्यूआर संकेतांकाद्वारे त्यांची खातरजमा करणे, हे खरेदी विभागाचे नित्य काम ठरते.

मर्यादा

पूर्वतयारीने सर्व प्रश्न सुटतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. एकाच मोठ्या खरेदीदारावर अवलंबून असलेला लघुउद्योजक पुढची मागणी हातची जाईल या भीतीने व्याज मागत नाही आणि परिषदेकडेही जात नाही. कागदावरचा हक्क आणि बाजारातील बळ यांतील हे अंतर नोंदणीने मिटत नाही. तथापि नोंदणी नसेल तर भीती दूर झाल्यावरही हक्क उरत नाही. व्यावसायिक संबंध संपुष्टात येतात, खरेदीदार कंपनी विकली जाते किंवा दिवाळखोरीत निघते, त्या वेळी आपल्या दाव्याचा भक्कम पुरावा हाती असणे हीच मोठी गोष्ट असते.

समारोप

ज्ञापन, उद्योग आधार व उद्यम ही नावे बदलत गेली आणि पुढेही बदलतील. वर्गवारीच्या मर्यादाही चलनवाढीबरोबर व धोरणाबरोबर सरकत राहतील. वर्गवारी ज्या आयकर-विवरणपत्रांवर आधारलेली आहे, तो १९६१ चा कायदाही १ एप्रिल २०२६ या अंमलदिनांकाच्या नव्या अधिनियमाने बदलण्याचे संसदेने २०२५ मध्ये ठरवले. या सर्व बदलांत एक गोष्ट मात्र स्थिर आहे. उपक्रमाची गुंतवणूक किती, उलाढाल किती, निर्यात किती, घटक किती आणि माल कोणत्या दिवशी कोणी स्वीकारला, याच तथ्यांवर प्रत्येक नवा नियम उभा राहतो. ही तथ्ये ज्या कंपनीकडे नीट लिहून ठेवलेली आहेत, तिला नियमबदल हा एका दुपारचा कामाचा भाग असतो. ज्या कंपनीकडे ती नाहीत, तिला तोच बदल थकबाकीच्या वसुलीत महाग पडतो.

वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अध्यापकांनी या विषयाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. आपले अनेक विद्यार्थी पदवीनंतर याच लघुउद्योगांच्या लेखा विभागांत काम करतात किंवा घरचा कारखाना सांभाळतात. व्यवसाय-कायद्याच्या तासाला अधिनियमाची कलमे शिकवताना, एखाद्या काल्पनिक कंपनीचा ताळेबंद देऊन तिचा वर्ग, तिच्या बिलांची मुदत व थकीत रकमेवरील व्याज काढावयास सांगितले, तर नोंदणी हा भिंतीवरचा कागद नसून हिशेबाच्या वहीतील जिवंत नोंद आहे, हे त्यांच्या मनावर ठसेल.